विद्यार्थ्यांचा सेवानिधी आणि बालकांचे आरोग्य
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-स्वयंसेवक शाखेपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-स्वयंसेवक शाखेने बालकांच्या आरोग्यासाठी निधी उभारण्याचा संकल्प केला आहे, आणि त्या संकल्पास चार शब्दांचे पाठबळ द्यावे अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली आहे. ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानतो. मात्र केवळ स्तुतिसुमने उधळून खाली बसावे, असा आमचा मनोदय नाही. निधी कसा जमवावा, कशावर खर्चावा आणि कोणासाठी खर्चावा, असे तीन प्रश्न या संकल्पाबरोबरच उभे राहिले आहेत. त्यांपैकी तिसऱ्या प्रश्नावर मंडळात मतभेद आहेत, हे आपण सारे जाणतोच. तिन्हींचा विचार आज क्रमाने करू.

निधी मागणे हे विद्यार्थ्याचे काम आहे काय, अशी शंका काही पालकांनी काढली आहे. तिचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. कै. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पैसा फंडाची कल्पना मांडली. प्रत्येकाने वर्षाकाठी एक पैसा द्यावा, इतकीच ती साधी मागणी. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. जुन्या काळी किती विद्यार्थी माधुकरी मागून आणि वार लावून शिकले, याची गणती नाही. ज्या समाजाने विद्यार्थ्याच्या ताटात अन्न वाढले, त्या समाजाच्या लेकरांसाठी विद्यार्थ्याने दारोदार जावे, यात कमीपणा कसला? ती ऋणाची फेड आहे.

बालकांच्या आरोग्यासाठी लहान नाण्यांतून मोठे काम कसे होते, याचे एक उदाहरण दूरदेशीचे आहे. डेन्मार्कमध्ये आयनार होल्बोल नावाचे टपालखात्यातील एक कर्मचारी होते. नाताळात येणाऱ्या पत्रांच्या राशी पाहून त्यांस सुचले की, प्रत्येक पत्रावर टपालाच्या तिकिटाशेजारी एक अल्प किमतीचे शोभेचे तिकीट लावावे आणि त्याचा पैसा क्षयरोगी मुलांच्या रुग्णालयासाठी साठवावा. १९०४ च्या पहिल्याच नाताळात अशी चाळीस लाखांवर तिकिटे खपली. हीच प्रथा पुढे देशोदेशी पसरली आणि १९५० साली भारतातही क्षयरोग-निवारणाच्या तिकिटांची मोहीम सुरू झाली. आम्ही शिक्षक असताना वर्गावर्गातून त्या तिकिटांची विक्री होई. तिचा हिशेब ठेवताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास आली. मोठी रक्कम देणारा मनुष्य बहुधा विसरून जातो. पण खाऊच्या पैशातून तिकीट घेणारे मूल घरी जाऊन क्षयरोग म्हणजे काय, असे विचारते. निधीबरोबर ज्ञानही घरोघर जाते, आणि पुष्कळदा ज्ञानाचे मोल निधीहून अधिक ठरते.

आता दुसरा प्रश्न. जमलेला निधी खर्चावा कशावर? आपल्यापैकी अनेकांस वाटते की एखाद्या बालकाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा भार उचलावा, म्हणजे मंडळाचे नाव होईल. हेतू चांगला आहे. परंतु विद्यार्थ्यांचा निधी मुळातच लहान. लाखोंच्या खर्चात तो कोठल्या कोठे विरून जाईल. जेथे थोडक्या पैशावर जीव तरणे-मरणे अवलंबून असते, तेथेच लहान निधीने जावे, असे आमचे मत आहे.

अशा जागा पुष्कळ आहेत. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ उसळली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखरेपैकी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते रुग्णांस तोंडाने पाजण्यास आरंभ केला. डॉक्टर-परिचारिका अपुऱ्या होत्या. म्हणून रुग्णांच्या आप्तांनीच ते पेल्यापेल्याने पाजले. शंभर रुग्णांमागे सुमारे तीस दगावत होते, ते प्रमाण चाराच्या आत आले. आज जलसंजीवनीची पुडी आरोग्यकेंद्रात विनामूल्य मिळते. ती हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे व मिठाचा अर्धा सपाट चमचा, येथे चमचा म्हणजे चहाचा, एवढे प्रमाण प्रत्येक मातेस ठाऊक असावे. तरीही जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडणारी घरे आजही आढळतात. तेथे पैशापेक्षा समजावून सांगणारे माणूस हवे असते.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील उदाहरण याहूनही जवळचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांस नवजात अर्भकांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. अर्भकास ऊब कशी द्यावी, स्तनपान कसे करवावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा, हे त्या घरोघर जाऊन पाहू लागल्या. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा बासष्टाने घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांमार्फत याच रीतीने गृहभेटी सुरू झाल्या. १९९५ पासूनच्या पोलिओ मोहिमेतही राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी बूथ सांभाळले, घरोघर जाऊन मुले हुडकून आणली. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. विद्यार्थ्यांच्या पायपिटीचा त्या यशात वाटा आहे.

या साऱ्यावरून आपल्या शाखेपुरती तीन कामे आम्ही सुचवितो.

पहिले काम रुग्णालयापर्यंतच्या वाटेचे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी होते. दोष आढळल्यास उपचार शासनाच्या खर्चाने होऊ शकतात. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजनाही आहे. पण मजुरी करणाऱ्या बापास जिल्ह्याच्या गावी जाण्याचे गाडीभाडे परवडत नाही. दोन दिवसांचा रोजगार बुडतो. कोणता कागद कोठे द्यावा हे कळत नाही. मोठ्या इमारतीत शिरण्याचीच भीती वाटते. उपचार फुकट असूनही मूल घरीच राहते. अशा कुटुंबास गाडीभाडे, दोन वेळचे जेवण आणि एका स्वयंसेवकाची सोबत इतके दिले, तर उरलेला मोठा खर्च शासन उचलते. हा लहान निधीचा सर्वोत्तम उपयोग होय.

दुसरे काम रक्ताचे. थॅलेसेमिया झालेल्या बालकास दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि हे जन्मभर चालते. आपण जयंतीच्या दिवशी मोठे शिबिर भरवितो, शेकडो बाटल्या जमतात, छायाचित्रे निघतात. परंतु रक्तातील लाल पेशी पाच-सहा आठवड्यांपलीकडे साठवून ठेवता येत नाहीत. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, मंडळी गावी जातात आणि रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. त्या बालकांस मात्र सुट्टी नसते. म्हणून एका दिवसाची गर्दी करण्याऐवजी शाखेने वर्षाचे वेळापत्रक आखावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी तरुणास तीन महिन्यांनी आणि तरुणीस चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. एप्रिल-मे महिन्यांची नावे आधीच नोंदून ठेवावीत.

या ठिकाणी ज्ञातिमंडळाचे विशेष कर्तव्यही सांगितले पाहिजे. थॅलेसेमियाचा वाहक मनुष्य स्वतः निरोगी दिसतो. परंतु पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बालकास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. जो समाज आपल्याआपल्यातच सोयरिकी करतो, त्यात हा दोष शिरलेला असल्यास दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. आपले मंडळ प्रतिवर्षी वधूवर मेळावा भरविते. पत्रिका जुळविण्याआधी ही साधी रक्ततपासणी तरुण-तरुणींनी करून घ्यावी आणि गरजूंच्या तपासणीचा खर्च या निधीतून व्हावा. निष्कर्ष मात्र ज्याचा त्यासच कळावा. वाहक असणे हा आजार नव्हे आणि कलंक तर मुळीच नव्हे. मुलीच्याच माथी दोष मारण्याची जुनी खोड येथे चालू देता कामा नये.

तिसरे काम समजावण्याचे. जलसंजीवनी, लसीकरणाच्या तारखा आणि पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, या तीन गोष्टी वस्तीवस्तीत आशाताई व अंगणवाडीताईंच्या सोबतीने सांगाव्यात. स्वयंसेवकाने वैद्य होऊ नये. औषध सुचवू नये. आजारी मूल दिसले की आरोग्यकेंद्र दाखवावे, इतकीच त्याची मर्यादा.

आता हिशेबाविषयी. सार्वजनिक पैशाला डाग लागला की पुढच्या पिढीच्या स्वयंसेवकास कोणी दारात उभे करीत नाही. म्हणून निधी मंडळाच्या छापील पावतीवरच घ्यावा आणि स्थळप्रत जपून ठेवावी. निधिपेटीस मोहोर असावी. ती दोघांनी मिळून उघडावी, मोजावी व दोघांनी सही करावी. रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. दरमहाचा जमाखर्च वसतिगृहाच्या फळ्यावर लावावा. आपले मंडळ नोंदलेले असल्याने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाप्रमाणे हिशेबतपासणी बंधनकारकच आहे. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, आपल्या शोभेसाठी हे करावे. अल्पाहार, फलक आणि हारतुरे यांचा खर्च या निधीतून एक पैसाही होऊ नये. साहाय्य घेणाऱ्या बालकाचे छायाचित्र किंवा नाव स्मरणिकेत छापू नये. ते मूल उद्या मोठे होणार आहे. त्याने आपल्या आजाराची जाहिरात का पाहावी?

आता तिसरा आणि नाजूक प्रश्न. हा निधी कोणासाठी? कार्यकारिणीतील काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की, मंडळ ज्ञातीचे, मुले ज्ञातीची, तेव्हा लाभही ज्ञातीच्या बालकांनाच मिळावा. आपल्यातही गरिबी थोडी नाही. या मताचा आम्ही अनादर करीत नाही. ज्या काळी कोणी विचारीत नव्हते, त्या काळी ज्ञातिसंस्थांनीच आपल्या मुलांना निवारा दिला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे काढविली, ती याच गरजेतून. परंतु त्याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहिलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालू केले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. जेवणाऱ्या मुलांची जात पाहून त्यांनी हात आखडला नाही. ज्ञातिसंस्थेने पायरी व्हावे, कुंपण होऊ नये, हा त्या उदाहरणाचा अर्थ आम्हांस दिसतो.

शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहा. आपली मुले निधिपेटी घेऊन बाजारपेठेत उभी राहतील, तेव्हा पेटीत नाणे टाकणाऱ्याची जात ती विचारणार नाहीत. सर्वांकडून घ्यावयाचे आणि आपल्यांपुरतेच द्यावयाचे, हे न्यायाचे होणार नाही. रक्ताच्या बाटलीवर गट लिहिलेला असतो, दात्याची जात नसते. आपल्या ज्ञातीच्या बालकास जे रक्त चढते ते कोणाचे, हे कोणास ठाऊक आहे? ते देणाऱ्याने आपल्या मुलाची ज्ञाती विचारली असती तर? गोवरही गल्ली पाहून थांबत नाही. शेजारच्या वस्तीतील मुले लसीवाचून राहिली, तर आपल्या वस्तीतील तान्ह्या बाळास धोका राहतोच.

मंडळाचा शिष्यवृत्तिनिधी ज्ञातीतील विद्यार्थ्यांसाठी आहे. तो तसाच चालू द्यावा, त्यास हात लावण्याची सूचना कोणीही केलेली नाही. परंतु या नव्या निधीच्या अर्जात बालकाचे नाव, वय, गाव, आजार आणि रुग्णालय एवढेच रकाने असावेत. ज्ञातीचा रकाना नसावा, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. तसे झाल्याने मंडळाचे नाव उणे होणार नाही. उलट आपल्या ज्ञातीच्या मुलांनी गावासाठी काय केले, हे गावच सांगेल.

विद्यार्थी मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. 'माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी' या आशयाचे तिचे ब्रीद आहे. यातील 'तुम्ही' कोण, हे प्रत्येक पिढीस स्वतः ठरवावे लागते. अभ्यास सांभाळून, आईवडिलांना विश्वासात घेऊन, मुलगे व मुली दोघांनीही हे काम करावे. आठवड्याचे दोन तास पुरेत. पण ते चुकवू नयेत. उत्साहाचा पूर चार दिवसांत ओसरतो. नियमित काम करणारा एक स्वयंसेवक त्याहून अधिक उपयोगी पडतो.

अर्जाच्या नमुन्याचा निर्णय कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत व्हावयाचा आहे. ज्येष्ठ सभासदांनी मोकळ्या मनाने विचार करून तो घ्यावा, आणि शाखेच्या या कार्यास यश यावे, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.