एक नोंद, सर्वत्र दुरुस्ती

माहितीपुस्तिकेत कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक २० ठिकाणी असतो. तो बदलल्यावर दुरुस्ती १९ ठिकाणीच झाली, तर उरलेल्या पानावर विसंबलेला शेतकरी मदतीस मुकतो. तांत्रिक पुस्तिका सिद्ध करणाऱ्या फ्रेममेकरसारख्या संगणक-प्रणालींत यावर उपाय आहे. ‘स्टाईल’ म्हणजे मांडणीचा नमुना. तो बदलला की त्यानुसार मांडलेली सर्व शीर्षके बदलतात. ‘व्हेरिएबल’ म्हणजे एकाच जागी नोंदवलेला, परंतु अनेक जागी उमटणारा शब्द वा क्रमांक. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचे नामांतर छत्रपती संभाजीनगर असे झाले. जिल्ह्याचे नाव अशा रीतीने नोंदवले असल्यास एकच दुरुस्ती पुरते. मात्र हाताने टंकलिखित केलेले नाव आपोआप बदलत नाही. म्हणून छपाईपूर्वी जुन्या नावाचा शोध घेण्याची दक्षता माणसानेच बाळगावयाची असते.