शरीरातील दवंडी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी झालेले व्याख्यान)



मी 'आरोग्य' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विषय इतका विस्तीर्ण की, त्यात कोठून शिरावे आणि कोठून बाहेर पडावे हे कळू नये. म्हणून त्यातील एकच दालन आज उघडतो : शरीरातील इंद्रिये एकमेकांना निरोप कसा पोहोचवितात, आणि तो क्षीण झाला म्हणजे घरात काय होते.

निरोप पाठविण्याच्या दोन रीती शरीरात आहेत. पहिली ज्ञानतंतूंची. ती तारेसारखी : ठरलेल्या पत्त्यावर, क्षणार्धात. (तारखाते आपल्या देशात २०१३ साली बंद झाले, परंतु तारवाला दारात उभा राहिला की घरात होणारी धांदल येथील वडीलधाऱ्यांना स्मरत असेल.) दुसरी रीत दवंडीची. 'सारा भरावयास चला' अशी दवंडी पिटली की ती साऱ्या गावाच्या कानी पडते, पण उठतो तो ज्याचे शेत आहे तोच. तद्वत काही ग्रंथी आपला रस सरळ रक्तात सोडतात. तो सर्व शरीरभर फिरतो. परंतु ज्या पेशींपाशी त्याला ओळखणारा 'ग्राही' असतो, त्याच पेशी त्याची दखल घेतात. या रसाला संप्रेरक किंवा हॉर्मोन म्हणतात.

या दवंडीचा शोध लंडन येथे १९०२ साली लागला. अन्नातील आम्ल जठरातून लहान आतड्यात उतरले की स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागतो. हे काम ज्ञानतंतूंचेच, असे त्या काळी रशियातील पाव्हलॉव्ह यांच्या प्रभावामुळे सर्वत्र मानले जाई. बेलिस व स्टार्लिंग यांनी बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक तुकडा सर्व ज्ञानतंतूंपासून तोडून अलग केला आणि त्यात आम्ल घातले. पाचकरस तरीही वाहिला! मग आतड्याचे अस्तर खरवडून, आम्लात खलून, त्याचा अर्क शिरेत टोचला. तेव्हाही तोच परिणाम दिसला. निरोप रक्तातून गेला होता. 'चेतविणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हॉर्मोन' हे नाव रूढ केले. बेलिस यांच्या पत्नी या स्टार्लिंग यांच्या भगिनी. म्हणजे हा शोध शालक-मेहुण्यांनी मिळून लाविला, ही गोष्ट या कौटुंबिक मेळाव्यात सांगावयास हरकत नाही.

संप्रेरके पुष्कळ आहेत. मधुमेहामुळे इन्शुलिनचे नाव तर आता मुलांनाही ठाऊक आहे. मी मात्र आज कंठाजवळच्या अवटु ग्रंथीविषयी, म्हणजे थायरॉईडविषयी बोलणार आहे. फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी आयोडीन वापरून थायरॉक्सिन तयार करते. एक लिटर रक्तरसात ते ग्रॅमच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकेच असते. परंतु हृदयाची गती, अंगाची ऊब, आतड्यांची हालचाल, बुद्धीची तरतरी यांवर त्याचा अंमल चालतो.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते. चुलीपुढे बसलेली गृहिणी जाळ मंदावला की लाकूड पुढे सारते आणि भडकला की मागे ओढते, तसेच हे आहे. थायरॉक्सिन घटले की पोष ग्रंथी 'टीएसएच' नावाचे संप्रेरक अधिक सोडते. ते पुरेसे झाले की हात आखडता घेते. म्हणून तपासणीच्या कागदावर टीएसएचचा आकडा चढलेला दिसला की 'थायरॉईड वाढला' असे जे आपण म्हणतो, ते बहुधा उलटे असते. ग्रंथी मंदावली आहे, म्हणून वरून हाका वाढल्या आहेत.

अशा मंद ग्रंथीची लक्षणे पाहा : सदैव थकवा, थंडी न सोसणे, कोरडी त्वचा, गळणारे केस, मलावरोध, घोगरा आवाज, विसराळूपणा, उदास मन, पाळीची अनियमितता. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक. आता हीच यादी सासरच्या भाषेत वाचा : 'सून आळशी आहे, तोंड सदा उतरलेले, सांगितलेले ध्यानात राहत नाही.' रक्ताच्या एका तपासणीने ज्याचा उलगडा व्हावा, त्यावरून वर्षानुवर्षे बोल ऐकून घेतलेल्या भगिनी मी माझ्या व्यवसायात पुष्कळ पाहिल्या आहेत.

याहून गंभीर गोष्ट विवाहाची. मुलीला थायरॉईडची गोळी चालू आहे हे स्थळ मोडेल या भीतीने लपविले जाते. लग्नानंतर ती मुलगी सासरी चोरून गोळी घेते आणि एक दिवस बंद करते. पुढे दिवस राहतात. गर्भाची स्वतःची ग्रंथी पहिले तीन महिने कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूच्या घडणीला लागणारे थायरॉक्सिन केवळ आईच्या रक्तातून येते. नेमकी ज्या वेळी गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते, त्या वेळी ती शून्यावर आलेली असते. वधूपित्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी हे बोलणी चालू असतानाच सांगावे. आणि वरपक्षाने हे ऐकून चहाचा पेला खाली ठेवू नये. औषध नियमित घेणारी स्त्री संसार व मातृत्व या दोहोंना पूर्ण समर्थ असते.

काही बालके जन्मतःच या ग्रंथीवाचून किंवा सदोष ग्रंथी घेऊन येतात. जगात साधारणपणे दोन ते चार हजार जन्मांत असे एक मूल आढळते. आपल्या देशात हे प्रमाण अधिक आहे. आईकडून आलेल्या संप्रेरकामुळे मूल आरंभी अगदी सुदृढ दिसते. लक्षणे उघड होईपर्यंत थांबल्यास बुद्धीची हानी भरून निघत नाही; दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखेच वाढते. जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ही तपासणी होते. बारशाच्या यादीआधी ही चौकशी करावी.

आयोडीनचा प्रश्न मिठाने बराच सोडविला आहे. डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड घटतो हे दाखविले, आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मीठ झाकून ठेवावे, एवढेच गृहिणींना सांगतो.

'गोळी जन्मभर घ्यावी लागेल काय?' हा प्रश्न मला नित्य विचारला जातो. बहुतेकांना, होय. ती पहाटे रिकाम्या पोटी, चहापूर्वी निदान अर्धा तास घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. शाकाहारी मंडळींनी शंका बाळगू नये. थायरॉक्सिन १९२७ सालीच प्रयोगशाळेत तयार झाले आणि आजच्या गोळ्या तशाच कृत्रिम रीतीने बनतात. पूर्वी ही सोय नव्हती. इंग्लंडमधील डॉ. मरे यांनी १८९१ साली एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क प्रथम टोचला. ती बाई त्यानंतर २८ वर्षे जगली, आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.