पाण्यामागून गेलेलीं कुटुंबें

(नभोवाणीवरील भाषण)



नवी भूमि वसविणाऱ्यांच्या कथा आपण बहुधा दूरदेशींच्या वाचतों. 1848 सालीं स्कॉटलंडांतील फ्री चर्चच्या अनुयायांनीं न्यूझीलंडांत ओटागो येथें वसाहत केली, आणि एडिंबरोच्या जुन्या गेलिक नांवावरून आपल्या नगराला डनेडिन म्हटलें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु अशींच घरदार हलवून निघालेलीं कुटुंबें आपल्या महाराष्ट्रांतहि होऊन गेलीं. तीं सासवडच्या माळ्यांचीं. बालाघाटावरील ईटसारख्या गांवानें त्यांची हकीकत अवश्य ऐकावी. कारण कृष्णेचें पाणी मराठवाड्यांत आणण्याची योजना हातीं घेतली गेली आहे, आणि पाणी आल्यावर काय करावयाचें हा प्रश्न आतां आपल्याहि दाराशीं येत आहे.

1876 ते 1878 च्या दुष्काळांत दख्खन होरपळून निघाला. तसा प्रसंग पुन्हां येऊं नये म्हणून सरकारनें भाटघरचें धरण बांधावयास घेतलें, आणि 1885 पासून नीरेचा डावा कालवा बारामतीकडे वाहूं लागला. पण कालवा आला म्हणजे बागाईत झाली, असें नाहीं. नीरेकांठच्या शेतकऱ्याची सारी विद्या ज्वारी-बाजरीची. पाऊस बरा झाला कीं पाणीपट्टी भरण्याचें त्याला कारणच दिसत नसे. दुष्काळासाठीं काढलेल्या पाण्याला सुकाळांत गिऱ्हाईक मिळेना.

ही उणीव सासवडकरांनीं भरून काढली. कऱ्हेच्या खोऱ्यांत विहिरींवर मोटा चालवून ऊस पिकविण्याची विद्या त्यांच्या घरांत पूर्वीपासून होती. ती विद्या घेऊन ते कालव्यावर आले. जमीन त्यांनीं बहुधा खंडानें घेतली. कारण उसानें जमिनीचा कस उतरतो, तिला फेरपालट द्यावा लागतो, आणि खंडकऱ्याला एक रान सोडून दुसरें धरतां येतें. पेंडीचें खत विकत आणावें, आडसाली उसांत वर्ष-दीड वर्ष भांडवल अडकवून ठेवावें, काहिलींत रस आटवून गूळ पेठेंत पोंचवावा, आणि मग भाव मिळेल तो पदरांत घ्यावा. ही शेती म्हणजे निम्मा व्यापारच होता. ज्याला हिशेब साधला तो तरला. ज्याला साधला नाहीं तो बुडाला.

पुढें गोदावरीचे कालवे निघाले, प्रवरेचे निघाले. 1926 सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें. जेथें नवें पाणी, तेथें हीं कुटुंबें. मग 1929 नंतरची जागतिक मंदी आली आणि गुळाचा भाव कोसळला. 1932 सालीं सरकारनें देशी साखरेला जकातीचें संरक्षण दिलें, आणि त्याच सालीं या मंडळींनीं एकत्र येऊन ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’ ही कंपनी स्थापिली. अकलूजजवळ तिचा कारखाना उभा राहिला व भोंवतीं माळीनगर वसलें. ऊस पिकविणाऱ्यांनींच साखरेच्या धंद्यांत उतरावें, ही त्या काळीं धाडसाची गोष्ट होती. प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू व्हावयास 1950 साल उजाडलें.

येथवर ही पराक्रमाची कथा झाली. पण वसाहतीच्या कथेला दुसरी बाजू असतेच. ओटागोची भूमि कांहीं निर्मनुष्य नव्हती. ती 1844 सालीं माओरी लोकांकडून 2400 पौंडांस घेतलेली होती. नीरेकांठीं जमिनीची मालकी मूळ धन्याकडे राहिली, हा भेद मोठा आहे. तरी खंडाचे रुपये घेऊन जो बांधावर बसला, त्याच्या हातीं पाण्याची विद्या मात्र आली नाहीं. ती शिकावयास कित्येकांची पुढची पिढी उजाडावी लागली. शिवाय अतिपाण्यानें खालचे क्षार वर येऊन चांगलीं रानें खारावलीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं नीरा खोऱ्यांतील या खाऱ्या जमिनींवर 1910 सालींच लिहून ठेविलें आहे. एकाच शेतांत सतत ऊस न करतां पाळीपाळीनें पिकें घ्यावींत, अशी ब्लॉक पद्धति विश्वेश्वरय्या यांनीं आंखून दिली. पण लोभापुढें शिस्त किती टिकते, हें आपण जाणतांच.

आणि तिसरी बाजू आपल्या अंगणांतील आहे. भूम, वाशी, कळंब या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन शेंकडों बिऱ्हाडें त्याच ऊसपट्ट्याकडे निघतात. माळीहि पाण्यामागून गेले आणि आपलीं माणसेंहि पाण्यामागूनच जातात. परंतु पहिले विद्या व भांडवल घेऊन गेले म्हणून धनी झाले, दुसरीं केवळ मनगट घेऊन जातात म्हणून उचलीच्या फेडींत अडकतात. यांत दोष मनगटाचा नाहीं.

म्हणून आपल्या शिवारांत पाणी येण्यापूर्वींच तीन गोष्टी व्हाव्यात. कोणत्या रानाला किती पाणी सोसतें, हें जमीन तपासून ठरवावें. पाण्याबरोबरच निचऱ्याचे चरहि आंखावेत. आणि उसाच्या मोहांत न पडतां थोड्या पाण्यावरच्या पिकांसाठीं गांवानें आपलें भांडवल एकत्र करावें. हें झालें तर कोयता घेऊन गेलेलें बिऱ्हाड आपल्याच बांधावर परत येईल. नाहींतर पाणी आपलें, रान आपलें, आणि पीक मात्र दुसऱ्याचें, असें व्हावयास वेळ लागणार नाहीं.