नानांना साल नको, काम विचारा



गावाचा इतिहास कुठे सापडतो, असं विचारलं की आपण सातबारा, गॅझेटियर, जुनी दप्तरं यांची नावं घेतो. त्यात जमिनीचा मालक सापडतो, सारा किती भरला ते सापडतं. पण पिंजारी कापूस कसा पिंजायचा, मनियार कोणकोणत्या बाजारांना जायचा, मुलाणी बलुतं मागायला कुणाच्या खळ्यावर उभा राहायचा, हे क्वचितच सापडतं. आपल्या बाबतीत आणखी एक घडतं. दंगलीच्या आणि खटल्याच्या कागदांत मुसलमान ठळक दिसतो, रोजच्या जगण्याच्या कागदांत पुसट. ही पोकळी आपण भरली नाही, तर दुसरं कुणीतरी आपल्या मनाप्रमाणे भरेल.

इंग्लंडमधल्या सफोक परगण्याचं उदाहरण पाहा. जॉर्ज इवर्ट इव्हान्स हे मूळचे वेल्सचे लेखक 1948 साली तिथल्या ब्लॅक्सहॉल या खेड्यात राहायला आले. त्यांची पत्नी गावच्या शाळेत शिकवायची. शेजारची म्हातारी माणसं ट्रॅक्टर येण्याआधीच्या शेतीत राबलेली. इव्हान्स त्यांना ऐकू लागले, पुढे टेपरेकॉर्डरही वापरू लागले. 1956 साली त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थच असा, की ज्यांनी गवत कापलं त्यांनाच विचारा.

त्या लोकांनी काय सांगितलं? सुगीत कापणीवाले आपल्यातलाच एक म्होरक्या निवडत. त्याला ते ‘लॉर्ड’ म्हणत, आणि मालकाशी मजुरीचा सौदा तोच करी. त्यांच्या बोलीतले जे शब्द शिकलेल्यांना अडाणी वाटत, त्यांतले कितीतरी सोळाव्या शतकातल्या थॉमस टसरच्या शेतीवरच्या कवितेत सापडले. आज इव्हान्स यांची ध्वनिमुद्रणं ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ज्या बायकांची दप्तरात नोंद नव्हती, त्यांचं म्हणणं त्यामुळे टिकलं.

तुमच्या खिशात मोबाइल आहे, म्हणजे साधन आहे. आधी परवानगी घ्या. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोला. ‘तुमच्या काळी कसं होतं?’ असा मोघम प्रश्न विचारू नका. ‘धनुकली कशाची असायची? दिवसाला किती गाद्या व्हायच्या? पैसे मिळायचे की धान्य?’ असं विचारा. दादी दखनी बोलली तर तिला शुद्ध मराठीत वळवू नका. तिची बोली हाही पुरावाच आहे.

आठवण चुकते, साल तर हमखास चुकतं. म्हणून तीच गोष्ट शेजारच्या पाटलांच्या आजींनाही विचारा आणि मिळेल त्या कागदाशी ताडून पाहा. दोघांचं जुळलं नाही, तर दोन्ही जपा. दुखरा विषय निघाला आणि समोरच्यानं ‘बंद कर’ म्हटलं, तर लगेच बंद करा. ते रेकॉर्डिंग त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. एक प्रत मोबाइलबाहेरही ठेवा.

ऐंशी-नव्वदीतली ही माणसं फार काळ थांबणार नाहीत. या ईदला गावी गेलात, की शिरखुर्मा झाल्यावर एक तास काढा. नानांच्या शेजारी बसा आणि विचारा, ‘पहिली मजुरी कुणाकडे केलीत आणि काय मिळालं?’ मग मध्ये बोलू नका.