निळा ठिपका आणि आमचा राहता पत्ता



गेल्या श्रावणांतली गोष्ट. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आमच्या सौभाग्यवतींना एकाएकीं धाप लागली. दमा त्यांना पूर्वीपासूनचा आहे. परंतु त्या रात्रीं नेहमींचा पंप दोनदां ओढूनही छाती मोकळी होईना. शनिवार पेठेंतलें जुनें बिऱ्हाड सोडून बावधनच्या अंगाला एका नव्या इमारतींत आम्ही राहावयास आलों, त्याला पंधराच दिवस झाले होते. बारा बिऱ्हाडांपैकीं आमच्यासह तीनच भरलेलीं. ज्या रुग्णालयांत त्यांचा उपचार चालतो तेथें मीं फोन केला आणि रुग्णवाहिका मागविली. चालक म्हणाला, "काका, पत्ता सांगत बसूं नका, लोकेशन पाठवा." मीं नव्याच घेतलेल्या फोनवरचें तें चिन्ह दाबलें, ठिपका पाठविला, आणि दार उघडून उभा राहिलों.

वीस-पंचवीस मिनिटांनीं त्याचा फोन आला. "काका, मी पोंचलों. पण इथें सगळीकडे पत्रे ठोकलेत. तुम्ही आहांत कुठें?"

तो शनिवार पेठेंत उभा होता. ज्या वाड्यांत माझीं चाळीस वर्षें गेलीं, आणि जो आदल्याच महिन्यांत पाडावयास घेतला होता, त्या वाड्याच्या दारांत. तेथून तो नदी ओलांडून आमच्याकडे येईपर्यंत आणखी पाऊण तासाजवळ गेला, कारण मधल्या वाटेवर खोदकाम चालू होतें. तो वेळ मीं कसा काढला, तें सांगत नाहीं. प्राणवायूची नळी लागतांच सौभाग्यवतींना आराम पडला व चौथ्या दिवशीं त्या घरीं आल्या. रुग्णालयांत मुखवटा बाजूला करून त्यांनीं पहिलें वाक्य उच्चारलें तें असें: "अहो, पत्ता तोंडानें सांगितला असतात तर जीभ झिजली असती का?"

प्रश्न रास्त होता. मजजवळ उत्तर नव्हतें. मीं सगळा दोष फोनवर ठेवला आणि तो घेऊन दुकानांत गेलों. तेथल्या मुलानें तो दुकानाबाहेर फुटपाथवर नेला, क्षणभर धरला आणि मला दाखविला. निळा ठिपका बरोबर त्या दुकानाच्या पायरीवर. "काका, फोन एकदम उत्तम आहे," तो म्हणाला. मी ओशाळून घरीं आलों. घरांत शिरून पांच मिनिटें झालीं नाहींत तोंच ठिपका पुन्हां शनिवार पेठेंत! शेजारच्या एका विद्यार्थ्यानें सुचविलें कीं, फोन पुसून अगदीं कोरा करावा. तोही उपाय केला. माझीं कित्येक नांवें व क्रमांक नाहींसे झाले. ठिपका मात्र वाड्यांतून हलला नाहीं.

तेव्हां, हा ठिपका मुळांत येतो कोठून, हेंच आधीं समजून घ्यावें असें मीं ठरविलें. जें उमगलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहयोजना. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं आकाशांत गेला, आणि १९९५ मध्यें सर्व योजना पूर्णपणें कामास लागली. हे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला दिवसांतून दोन फेऱ्या घालतात. प्रत्येकाच्या पोटांत एक आण्विक घड्याळ असतें. उपग्रह सारखा पुकारत असतो: मी अमुक ठिकाणीं आहें, आणि आतां अमुक वेळ झाली आहे. फोन त्याला कांहींएक विचारत नाहीं. तो नुसता ऐकतो. ती हांक पोंचावयास सेकंदाच्या चौदाव्या-पंधराव्या भागाएवढा वेळ लागतो. तो नेमका किती लागला यावरून अंतर निघतें. तीन उपग्रहांचीं अंतरें मिळालीं कीं जागा ठरावी. परंतु फोनमधलें घड्याळ साधें असतें, त्याची चूक काढण्यासाठीं चौथा लागतो. वर्गांत कंपासानें वर्तुळें छेदून बिंदू काढावयास मीं मुलांना पुष्कळदां शिकविलें. तेंच हें काम, एवढेंच कीं येथें वर्तुळांच्या जागीं गोल आहेत.

आतां या हिशेबाचा नाजूकपणा पाहा. सेकंदाचा दहालाखावा भाग चुकला, कीं अंतर ३०० मीटरांनीं चुकलें. उपग्रहांवरचीं घड्याळें जमिनीवरच्या घड्याळांपेक्षां दिवसाकांठीं अशा सुमारें ३८ भागांनीं पुढें धांवतात. आईन्स्टाईनच्या सिद्धांताप्रमाणें ती दुरुस्ती आधींच करून ठेवली नसती, तर चूक रोज दहा किलोमीटरांहून अधिक वाढत गेली असती. हा सिद्धांत मला शाळेंत कोणी शिकविला नाहीं व मींही कोणाला शिकविला नाहीं. परंतु भाजी आणावयास जातांनाही आपण त्याच्यावर विसंबतों, याची मला मौज वाटते. मे २००० पर्यंत अमेरिकेचें सरकार सामान्य लोकांसाठीं हे संदेश मुद्दाम अंधुक करीत असे, त्यामुळें चूक शंभर मीटरांपर्यंत जाई. ती बंधनें उठल्यापासून, मोकळ्या आकाशाखालीं साधा फोनदेखील सामान्यतः पांच मीटरांच्या आंत ठिकाण सांगतो, असें तें सरकारच सांगतें.

मोकळ्या आकाशाखालीं! सगळी मेख या दोन शब्दांत आहे. वीस हजार किलोमीटरांवरून येणारी ती हांक घरांतल्या विजेच्या दिव्याएवढ्या शक्तीनें निघालेली असते. ती खालीं पोंचेपर्यंत इतकी क्षीण होते कीं सिमेंटच्या दोन स्लॅबांखालीं ती बहुधा ऐकूंच येत नाहीं. मग घरांत बसलेल्या फोनला आपलें ठिकाण कळतें कसें? तो शेजाऱ्यांना विचारतो. एक शेजारी म्हणजे मोबाईलचा मनोरा. तो मोघम सांगतो: येथेंच कोठेंतरी, एक-दोन किलोमीटरांत. दुसरा शेजारी म्हणजे वाय-फायचा राऊटर.

या दुसऱ्या शेजाऱ्याची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. प्रत्येक राऊटरला कारखान्यांतच एक क्रमांक मिळालेला असतो आणि तो क्रमांक तो आसपास सारखा जाहीर करीत असतो. तो ऐकण्यासाठीं परवलीचा शब्द लागत नाहीं. रस्त्यानें जाणाऱ्या लोकांचे फोन ते क्रमांक ऐकतात, आणि त्या क्षणीं उपग्रहांनीं सांगितलेल्या जागेसह कंपनीच्या वहींत नोंदवितात. पुढें कोणाचा फोन घरांत आंधळा झाला, कीं तो ही वही उघडतो: अमुक क्रमांक ऐकूं येतो आहे, त्याअर्थी मी अमुक घरांत आहें.

आमचा राऊटर वाड्यांतल्या माडीवर, बोळाकडच्या खिडकींत, सहा वर्षें बसलेला होता. खालून किती माणसें गेलीं असतील! त्याची नोंद त्या वहींत अगदीं पक्की झाली होती. बिऱ्हाड हलवितांना वर्षाचे पैसे भरलेले होते म्हणून मीं तो राऊटर सोडला नाहीं. डाळींच्या डब्यांत, जुन्या धोतरांत गुंडाळून बरोबर आणला. नव्या इमारतींत दुसरे राऊटर जवळपास नव्हतेच. फोननें कानोसा घेतला तेव्हां त्याला ओळखीचा असा एकच आवाज ऐकूं आला, आणि तो शनिवार पेठेंतला होता. मनोरा बावधन म्हणत असेल, पण तो मोघम बोलणारा. राऊटर नेमकें सांगणारा. फोननें नेमकें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला. आपणही तसेंच करतों. आणखी एक गोष्ट नंतर माझ्या ध्यानांत आली. मीं पाठविलेल्या त्या ठिकाणाखालीं 'वीस मीटरांपर्यंत अचूक' अशी अक्षरें होतीं. आठ-नऊ किलोमीटरांची चूक, आणि हमी वीस मीटरांची.

एका रात्रीं मीं परीक्षा घेतली. राऊटरची वीज बंद केली. ठिपका विरघळून त्याचें एक मोठें फिकट वर्तुळ झालें. त्यांत सबंध बावधन आणि मागची टेकडीही आली. फोन घेऊन गच्चीवर गेलों. दोन मिनिटांत वर्तुळ आकसत आकसत आमच्या फाटकाशीं आलें. खालीं येऊन राऊटर पुन्हां लावला. थोड्या वेळानें ठिपका निघाला आणि सरळ वाड्यांत जाऊन बसला. तीनदां केलें, तीनदां तेंच. चौथ्यांदा निघालों तेव्हां सौभाग्यवतींनीं झोपावयास सांगितलें.

ज्यांनीं अलीकडे घर बदललें असेल आणि राऊटर बरोबर नेला असेल, त्यांनीं ही परीक्षा आजच करून पाहावी, अडचणीची रात्र येण्यापूर्वीं. ठिकाण चुकीचें निघालें तर वाय-फाय बंद करावें, आणि सेटिंगमध्यें 'वाय-फाय स्कॅनिंग' म्हणून जें वेगळें बटण असतें तेंही बंद करावें. कारण वरचें बटण बंद असतांही फोन आंतून कानोसा घेतच असतो. मग खिडकीशीं किंवा गच्चीवर उभें राहून, वर्तुळ लहान होईपर्यंत थांबून ठिकाण पाठवावें. राऊटरच्या नांवाच्या शेवटीं अधोरेषा व 'नोमॅप' हीं अक्षरें रोमन लिपींत जोडलीं, तर गूगलची वही तो क्रमांक वगळते. मीं तें केलें नाहीं, कारण त्या नांवावर घरांतलीं सगळीं यंत्रें जोडलेलीं होतीं. मी वाट पाहिली.

राऊटर न हलवितांही ज्यांचा नवा फोन भरकटतो, त्यांच्यासाठीं थोडें बोलतों. प्रथम फोन मैदानांत नेऊन पांच मिनिटें धरावा. तेथें ठिपका जागेवर आला तर दुकानदाराशीं भांडूं नये. यंत्र चांगलें आहे. अगदीं नवा अथवा पुष्कळ दिवस बंद असलेला फोन पहिल्यांदा वेळ घेतो, याचें कारण कोणता उपग्रह कोठें आहे हें त्याला ठाऊक नसतें. उपग्रह आपला मार्ग अर्ध्या-अर्ध्या मिनिटानें सांगतो, आणि सर्व उपग्रहांचें पंचांग ऐकावयाचें तर साडेबारा मिनिटें लागतात. इंटरनेट चालू असेल तर हें पंचांग तिकडून झटकन येतें. म्हणून पहिली परीक्षा इंटरनेट चालू ठेवून करावी.

मैदानांतही चूक राहिली तर परवानग्या पाहाव्या. नकाशा पहिल्यांदा उघडतांना फोन विचारतो: नेमकें ठिकाण देऊं कीं अंदाजे? आपण घाईंत 'अंदाजे' दाबलें असेल, तर अँड्रॉइडचा फोन सुमारें तीन चौरस किलोमीटरांचा प्रदेश तेवढा सांगतो, आणि आपण त्याला बिघाड म्हणतों. बॅटरी सेव्हर चालू असेल तर कित्येक फोन पडदा मालवतांच ठिकाण घेणें थांबवितात. चुंबक असलेलें पाकीट काढून टाकावें. त्यानें ठिपका हलत नाहीं, पण त्याच्यापुढचा बाण उलटी दिशा दाखवितो, आणि माणूस चौकांतून उलट्या बाजूला चालूं लागतो. पाकीट काढून फोन हवेंत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरविला कीं बाण ताळ्यावर येतो. रस्त्यांत असें हातवारे करतांना मला एका विद्यार्थ्याच्या आईनें पाहिलें. असो.

एका चुकीला मात्र औषध नाहीं. पेठांतल्या बोळांत आतां दोन्ही बाजूंना पांच-पांच मजले झाले आहेत. उपग्रहाची हांक सरळ न येतां समोरच्या भिंतीवर आपटून येते. तीस मीटरांचा फेरा पडला, तर फोनला तो उपग्रह तीस मीटर लांब वाटतो, आणि ठिपका शेजारच्या बोळांत उडी मारतो. दोन निरनिराळ्या लहरींवर ऐकणारे फोन २०१८ पासून निघाले आहेत. ते अशा फसवणुकीला कमी भुलतात. माझ्या फोनच्या डब्यावर जीपीएसशेजारीं रशियाचें ग्लोनास, युरोपाचें गॅलिलिओ, चीनचें बैदू आणि आपल्या इस्रोचें नाविक, अशीं सर्व नांवें छापलेलीं आहेत. नाविकचा पहिला उपग्रह २०१३ सालीं गेला, सातवा २०१६ सालीं, आणि २०२३ मध्यें पाठविलेल्या उपग्रहांत तर भारतीय बनावटीचें आण्विक घड्याळ होतें. आकाशांत जितके अधिक तितकें चांगलें; भिंतींआड आलेल्यांच्या ऐवजीं दुसरे हातीं लागतात. परंतु स्लॅबाखालीं सगळीं राष्ट्रें सारखींच मुकीं.

आमच्या दाराच्या आंतल्या बाजूस आतां एक कागद चिकटविला आहे. त्यावर इमारतीचें नांव, मुख्य रस्त्यापासून वळावयाची खूण, मजला आणि रुग्णालयाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. फोनवर तो वाचून दाखवावयाचा, आणि ठिकाण त्यानंतर पाठवावयाचें, असें घरांत ठरलें आहे.

इमारतींत हळूहळू बिऱ्हाडें आलीं, खालून माणसें जाऊं-येऊं लागलीं, आणि दसऱ्यानंतर एके दिवशीं घरांत बसल्या बसल्या ठिपका बावधनांत उगवला. मीं मोठ्या उत्साहानें तो सौभाग्यवतींना दाखविला. त्यांनीं चष्मा लावून पाहिलें, बोटांनीं नकाशा मोठा केला, आणि म्हणाल्या, "हा आपल्या घरावर नाहीं, शेजारच्या पाण्याच्या टाकीवर आहे." खालीं उतरून मीं अंतर मोजलें. बारा पावलें भरलें.