पिशवीच्या तोंडाची तपासणी : धाराशिवच्या बायकांनी जगाला दिलेलं उत्तर
(प्रभागसंघाच्या सभेत केलेल्या मांडणीचा मजकूर)



आज बचतीचा आणि कर्जफेडीचा विषय झाला की लगेच उठू नका. पंधरा मिनिटं मला द्या. विषय थोडा लाजेचा आहे, आणि लाजेमुळेच तो आपल्याला महाग पडतो.

मागच्या महिन्यात आपण तपासणी शिबिराची यादी केली. नावं तीस आली, बायका आल्या सहा. मी रागावले होते, खोटं कशाला सांगू! मग घरोघरी जाऊन विचारलं. कुणी म्हणालं, "दुखत नाही, खुपत नाही, मग दाखवायचं कशाला?" कुणी म्हणालं, "मालक विचारतील, तुला काय रोग झालाय?" एक काकू हळूच म्हणाल्या, "पोरी, निघालं काही तर?"

या काकूंचं ऐकून मला माझी मोठी मावशी आठवली. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर तिच्या अंगावर परत लाल जायला लागलं. तिने वर्षभर कुणाला सांगितलं नाही. दुकानातून गोळ्या आणून खायची. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा आजार पिशवीच्या तोंडापासून पुढे पसरला होता. मी तेव्हा समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते. बायकांच्या आरोग्यावर मी प्रकल्प लिहीत होते आणि माझ्याच घरात हे चाललं होतं. म्हणून आज मी हे पुस्तकातलं सांगत नाही.

आधी आजार समजून घेऊ. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, पण म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. लग्न झालेल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांचं शरीर त्याला आपोआप घालवतं. काही जणींच्या शरीरात मात्र तो चिकटून राहतो. तिथून कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणजे हा आजार आपल्याला भरपूर मुदत देतो. ती मुदत आपणच वाया घालवतो. आपल्या देशात २०२२ मध्ये सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बायका त्यात गेल्या.

आता संशोधनाचं सांगते. हे परदेशात नाही, आपल्या मराठवाड्यात झालंय. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका एका मोठ्या अभ्यासात घेतल्या गेल्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केलं. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगरसारखं औषध लावून पांढरा डाग उमटतो का ते बघणं. चौथ्या गटात नेहमीची आरोग्यसेवा होती, वेगळी तपासणी नव्हती.

आठ वर्षांनी हिशेब मांडला, तो २००९ मध्ये छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. फक्त एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले! त्या चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, हा प्रश्न पुढे अनेकांनी विचारला आणि तो विचारायलाच हवा होता. त्या ६४ जणी आपल्यासारख्याच शेतात जाणाऱ्या, चूल सांभाळणाऱ्या होत्या. त्यांच्या मरणातून जे कळलं ते आपण वापरलं नाही, तर तो दोष आपलाही होईल.

तुम्ही म्हणाल, एचपीव्ही चाचणी आपल्याकडे कुठे मिळते? खरं आहे, सरकारी ठिकाणी बहुतेक वेळा व्हीआयएच होते. धाराशिवच्या अभ्यासात एकदा केलेल्या व्हीआयएने मृत्यू ठळकपणे कमी झाले नाहीत. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए केली. करणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्या. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे व्हीआयए एकदा करून विसरायची नसते, पुन्हा करायची असते. बचत कशी, एकदा भरून होत नाही ना? तसंच.

लेकींसाठी आणखी एक चांगली गोष्ट. या विषाणूवर लस आहे. भारतात २००९ मध्ये मुलींवर तिचा अभ्यास सुरू झाला, त्यातही बार्शी होतं. मधेच २०१० मध्ये लस देणं थांबवलं गेलं, त्यामुळे बऱ्याच मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षांनी बघितलं, तर एका डोसनेही जवळपास तेवढंच संरक्षण मिळालं होतं. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते १४ वयाच्या मुलींना एक डोसही चालेल असं सांगितलं. पुण्याच्या सीरम संस्थेने अशी लस आपल्याकडेच तयार केली आहे. लस लग्नाआधी, लहान वयात घेतली तर उपयोग सगळ्यात जास्त. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

आता त्या काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. निघालं काही तर? सुरुवातीचा बदल निघाला तर तो कॅन्सर नसतो. ती जागा थंड किंवा गरम उपकरणाने जाळून टाकतात. काही मिनिटांचं काम, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी येतात. आणि एक सांगते, नुसतं पांढरं जातं म्हणून कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर तिथेच हो म्हणू नका. आधी तपासणी, मग दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचं प्रकरण २०१९ मध्ये किती गाजलं, ते तुम्हाला माहीत आहे.

पण पाळी गेल्यावर परत लाल जाणं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर शिबिराची वाट बघू नका. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक गटाने या महिन्याच्या सभेत तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची यादी करावी. सचिवताईंनी इतिवृत्तात प्रत्येकीच्या नावापुढे शेवटच्या तपासणीची तारीख लिहावी. तारीख नसेल तर रिकामी जागा ठेवावी, निकाल मात्र लिहू नये, तो जिचा तिचा. आशाताईंना विचारून दिवस ठरवा, एकेकटीने न जाता पाच-सहा जणी मिळून जा. गाडीभाडं गटातून देता येईल का, तेही ठरवा.

पुढच्या शिबिराला पहिला नंबर माझ्या आईचा आहे. ती नको नको म्हणत होती. मी तिला मावशीचं नाव घेऊन विचारलं, तेव्हा गप्प बसली आणि म्हणाली, "बरं, येते." तुम्हीही या. मी दाराशी उभी असेन.