धान्याचे पोते आणि पाण्याची नळी

(आफ्रिकेतील आपद्ग्रस्तांच्या साहाय्य निधीसाठी भरलेल्या सभेत केलेले भाषण)



माझे काम अनुवादाचे. परदेशांतून आलेले अहवाल मराठीत आणताना एका शब्दापाशी माझी लेखणी वारंवार अडते. त्याला ‘दान’ म्हणावे की ‘साहाय्य’? दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. साहाय्यात दोघेही एकाच ओझ्याला हात लावतात. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाचा अनुभव हा भेद स्पष्ट करतो.

हा देश केवळ निसर्गाच्या अवकृपेने दरिद्री झाला, असे समजू नका. त्याचे पूर्वीचे नाव अपर व्होल्टा. १९३२ मध्ये फ्रेंच राज्यकर्त्यांनी ही वसाहतच मोडली आणि तिचा प्रदेश शेजारच्या वसाहतींना वाटून टाकला. आयव्हरी कोस्टच्या मळ्यांना मजूर हवे होते. १९४७ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, १९६० मध्ये देश स्वतंत्र झाला. पण मळ्यांकडे जाणारी तरुणांची रांग थांबली नाही.

१९६८ ते १९७३ या काळात साहेल पट्ट्यावर भीषण दुष्काळ कोसळला. परदेशांतून धान्याची पोती आली. त्या पोत्यांनी जीव वाचवले, हे नाकारणे अमानुषपणाचे ठरेल. समाजव्यवस्था बदलेपर्यंत थांब, असे उपाशी माणसाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु पोते रिकामे झाले तेव्हा जमीन तशीच टणक होती, आणि पुढचा पाऊसही तिच्यावरून तसाच वाहून गेला.

१९७९ मध्ये ऑक्सफॅम या ब्रिटिश धर्मादाय संस्थेने देशाच्या उत्तरेस यातेंगा येथे एक योजना सुरू केली. संस्थेला झाडे लावायची होती. शेतकऱ्यांना हवे होते पोटाचे धान्य. संस्थेने आपला आग्रह सोडला, हे तिचे श्रेय. दगडांच्या ओळी रचून पाणी अडवण्याची रीत गावांना ठाऊक होतीच. अडचण होती ती उतारावरची समपातळी नेमकी शोधण्याची. एक पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि थोडे पाणी एवढ्या साधनाने ती दूर झाली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारख्याच उंचीवर राहते, हे समजण्यास अक्षरओळख लागत नाही. ओळींमागे पाणी थबकले, गाळ साचला, उजाड शेते पुन्हा पिकू लागली.

पण दगड वाहणे एकट्या कुटुंबाचे काम नव्हे. बर्नार्ड लेदेआ वेद्राओगो यांनी १९६७ पासून मोसी समाजातील तरुणांच्या पारंपरिक मंडळांतून ‘नाम’ गट उभे केले होते. संघटना आधी होती, म्हणूनच साधन उपयोगी पडले. १९८३ मध्ये सत्तेवर आलेल्या थॉमस संकारा यांच्या राजवटीतही हेच दिसले. १९८४ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत २० लाखांहून अधिक मुलांना गोवर, पीतज्वर आणि मेंदूज्वर यांच्या लसी टोचण्यात आल्या. लस बाहेरची होती. तिच्यापर्यंत मुले आणली ती जागृत झालेल्या गावांनी. १५ ऑक्टोबर १९८७ रोजी संकारा यांची हत्या झाली.

मित्रहो, दगडांची ओळ पाणी अडवते. अन्याय अडवत नाही. कापूस पिकवणारा तेथील शेतकरी त्याचा जागतिक भाव ठरवत नाही. २०१५ नंतर तेथे सशस्त्र हिंसाचार वाढत गेला आणि २०२३ पर्यंत २० लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. यातेंगाही त्यातून सुटले नाही. ज्यांनी आपली जमीन पुन्हा जिवंत केली, त्यांतील कित्येकांना ती सोडून पुन्हा पोत्याची वाट पाहावी लागली.

म्हणून आज या पेटीत जे टाकाल ते निःसंकोचपणे टाका. मात्र दान म्हणून नव्हे. आणि पावती घेताना एक प्रश्न अवश्य विचारा: या पैशाचे काय करावे, हे त्या गावाला कोणी विचारले आहे काय?